अंतोनियोचा निकाल

ऐतिहासिक चित्रपट आला की आपल्याकडे दोन फौजा लगेच समोरासमोर उभ्या राहतात. एक म्हणते इतिहासाची मोडतोड झाली, दुसरी म्हणते दिग्दर्शकाला तेवढी मोकळीक हवीच. पगडी चुकली इथपासून अमुक प्रसंग घडलाच नव्हता इथपर्यंत सगळं निघतं, आणि चित्रपट नेमकं म्हणतोय काय हे विचारायचं राहूनच जातं. गुलामांच्या व्यापारावरच्या परदेशी चित्रपटांचंही असंच होतं. ‘ॲमिस्टॅड’ नावाच्या जहाजावरच्या आफ्रिकी माणसांच्या बंडावरचा स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘ॲमिस्टॅड’ १९९७ मध्ये आला. त्याच्यावर चर्चा निघाली की आजही तेच दोन आक्षेप पुढे येतात. पहिला असा, की मॉर्गन फ्रीमनने रंगवलेला थिओडोर जोडसन हा कृष्णवर्णीय कार्यकर्ता इतिहासात कधी नव्हताच. दुसरा असा, की आफ्रिकी माणसांच्या बंडाची गोष्ट शेवटी गोऱ्या वकिलांच्या मोठेपणाची गोष्ट होऊन बसते. दोन्ही आक्षेप खरे आहेत. पण त्यांच्यावर भांडता भांडता मुख्य मुद्दा हातचा जातो. गुलामांचा व्यापार म्हणजे क्रूर माणसांनी केलेला अत्याचार आणि सहृदय माणसांनी भाषण करून तो मोडून काढला, असा समज हा चित्रपट करून देतो. त्या जहाजावरची माणसं मात्र कागदाने गुलाम झाली होती आणि कागदानेच सुटली. सुटली तीही कागद खोटा निघाला म्हणून. खरा निघाला असता तर?

हकिकत अशी. १८३९ मध्ये, आजच्या सिएरा लिओनच्या किनाऱ्यावर लोम्बोको नावाचं ठाणं होतं, तिथून ‘टेकोरा’ हे पोर्तुगीज जहाज शेकडो माणसं कोंबून क्युबाला, म्हणजे स्पेनच्या वसाहतीत गेलं. हा व्यापार तेव्हा बेकायदा होता. स्पेनने १८१७ मध्ये ब्रिटनशी करार केला होता आणि १८२० पासून आपल्या वसाहतींत आफ्रिकेतून नवे गुलाम आणायला बंदी घातली होती. गुलामगिरी मात्र कायदेशीरच होती. म्हणजे १८२० पूर्वी आणलेला माणूस हा हक्काचा माल, त्यानंतर आणलेला हा चोरटा माल. आता चोरटा माल हक्काचा करायचा तर काय करावं लागतं? परस्पर फिरवलेला सातबारा ज्याने एकदा पाहिला आहे त्याला हे समजावून सांगायला नको. हवानात माणशी ठरलेली रक्कम पोचवली की अधिकारी डोळे मिटून परवाना देत. होसे रुइसने ४९ पुरुष विकत घेतले, माणशी ४५० डॉलरने. पेद्रो मोंतेसने चार मुलं घेतली, तीन मुली आणि एक मुलगा. परवान्यावर सगळ्यांना स्पॅनिश नावं चिकटली. सेंगबे पिये हा मेंडे जमातीचा शेतकरी होसे सिंके झाला. आणि सगळ्यांची नोंद ‘लादिनो’ अशी झाली, म्हणजे वर्षानुवर्षं क्युबात राहिलेले, तिथे रुळलेले गुलाम.

मोंतेसने घेतलेल्या मुलींकडे जरा नीट पाहू. मार्ग्रू, तेमे, काग्ने. तिघी दहाच्या आतल्या, स्पॅनिशचा एक शब्द न कळणाऱ्या. कागद म्हणतो त्या बंदीच्या आधीपासून क्युबात आहेत, म्हणजे निदान १९ वर्षं. हा कागद हवानातल्या कारकुनाने लिहिला, वरच्या साहेबाने सही केला, स्पेनच्या वकिलातीने प्रमाण मानला. मग अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने तो उचलून धरला आणि सरकारी वकिलाने न्यायालयात पुढे केला. मित्रराष्ट्राच्या शिक्क्यामागे जाऊन पाहण्याचा आपल्या न्यायालयांना अधिकारच नाही, असा सरकारचा युक्तिवाद होता. एवढ्या हातांतून कागद फिरला, पण मुलगी आणि कागद शेजारी ठेवून पाहावेत असं त्यातल्या एकालाही वाटलं नाही. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत भयंकर वाटतं ते हे. इथे कुणी चाबूक उगारलेला नाही. हे सगळे ऑफिसात जाऊन काम करणारे, घरी पोरंबाळं असलेले लोक आहेत.

पुढचा भाग बहुतेकांना माहीत असतो. या सगळ्यांना घेऊन ‘ॲमिस्टॅड’ हे जहाज हवानातून निघालं, तुम्हाला मारून खाणार आहेत असं आचाऱ्याने खुणांनी सांगितलं, बंड झालं, कप्तान रामोन फेरेर आणि आचारी मारले गेले. रुइस आणि मोंतेस यांना जिवंत ठेवलं ते जहाज आफ्रिकेला नेण्यासाठी. ते दिवसा पूर्वेकडे आणि रात्री गुपचूप उत्तरेकडे हाकत राहिले आणि ऑगस्टच्या अखेरीस जहाज न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला लागलं. अमेरिकी नौदलाच्या लेफ्टनंट गेडनीने ते पकडलं आणि नेलं मात्र कनेक्टिकटला. न्यूयॉर्कमध्ये गुलामगिरी १८२७ मध्ये संपली होती, कनेक्टिकटच्या कायद्यात ती अजून शिल्लक होती, आणि पकडलेल्या मालाच्या किमतीत गेडनीला वाटा हवा होता. इथेही हिशेब आधी झाला.

चित्रपटाला हे उमगलंच नव्हतं असं म्हणता येत नाही. मॅथ्यू मॅकॉनहीचा रॉजर बाल्डविन पडद्यावर या कैद्यांची बाजू घ्यायला येतो तो मालमत्तेचे दावे चालवणारा वकील म्हणून. (खरा बाल्डविन तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेला नामांकित माणूस होता आणि पुढे कनेक्टिकटचा गव्हर्नर झाला, पण ते असो.) तो सरळ सांगतो की हा चोरीच्या मालाचा खटला आहे, माल कुठून आला एवढं सिद्ध करा, सुटलात. टॅपनसारख्या धर्मनिष्ठ गुलामगिरीविरोधकाला ते ओंगळ वाटतं. हे नैतिक युद्ध आहे, तांत्रिक मुद्द्यावर ते कसं जिंकायचं? माझ्या मते संपूर्ण चित्रपटातला हा सर्वांत शहाणा भाग आहे. दुर्दैव असं की पुढे चित्रपट स्वतःच टॅपनच्या बाजूला जाऊन बसतो. अँथनी हॉपकिन्सचा जॉन क्विन्सी ॲडम्स, म्हणजे अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष, सर्वोच्च न्यायालयात उभा राहतो, पूर्वजांना साद घालतो, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापाशी थांबतो, आणि मग निकाल येतो. भाषणाने बेड्या तुटल्या असंच प्रेक्षकाला वाटतं.

ॲडम्स बोलले हे खरं. वयाच्या ७३व्या वर्षी, दोन दिवस मिळून आठ तासांच्या वर बोलले, आणि भिंतीवरच्या जाहीरनाम्याकडे त्यांनी खरोखरच बोट दाखवलं. पण निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी पत्नीला पत्रात कळवलं की भाषण विलक्षण होतं, बोचऱ्या उपरोधाने भरलेलं होतं आणि खटल्याच्या कागदपत्रांच्या कितीतरी बाहेर गेलेलं होतं. ९ मार्च १८४१ चा निकाल त्या भाषणावर उभा नाही. तो उभा आहे परवान्यांवर. परवाने फसवणुकीने मिळवलेले आहेत, त्यामुळे ही माणसं स्पेनच्याच कायद्याने गुलाम ठरत नाहीत, सबब त्यांना सोडा. आणि ती स्पेनच्या कायद्याने रीतसर गुलाम असती तर? तर ती अमेरिका आणि स्पेन यांच्यातल्या करारातल्या ‘माला’च्या व्याख्येत बसली असती आणि मालकांना परत द्यावी लागली असती, असं स्टोरींनी त्याच निकालपत्रात स्वच्छ लिहून ठेवलं आहे.

या ‘असती तर’चं उत्तर त्याच जहाजावर होतं. अंतोनियो नावाचा एक मुलगा कप्तान फेरेरचा पोऱ्या म्हणून काम करायचा. तोही गुलाम, तोही त्याच डेकवर, त्याच बंडातून जिवंत राहिलेला. फरक एवढाच की त्याच्यावरचा मालकी हक्क खरा होता. कनेक्टिकटच्या न्यायाधीशाने इतरांना गुलाम मानायला नकार दिला आणि त्याच हुकुमात अंतोनियोला फेरेरच्या वारसांकडे परत करायला सांगितलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा अपिलातून हा भाग वगळलेला होता. त्याच्यासाठी तिथे कुणी भांडलं नाही. पुढे अंतोनियो गुलामगिरीविरोधकांच्या मदतीने पळाला आणि कॅनडात माँट्रियलला पोचला. म्हणजे न्यायालयाने त्याला परत धाडायचं ठरवलं होतं, तो सुटला कायदा मोडून. चित्रपट पाहून डोळे पुसत बाहेर पडणाऱ्याला हा निकाल ठाऊकच नसतो. एका मुलाचा हा चार ओळींचा प्रसंग दाखवला असता तर अडीच तासांच्या कथेचा अर्थ फिरला असता, आणि बहुधा म्हणूनच तो नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती लेचीपेची नाही. ‘टेकोरा’वरचा प्रवास या चित्रपटात ज्या तऱ्हेने येतो ते पाहिलेलं विसरता येत नाही. उघडीनागडी माणसं तळाशी एकमेकांना खेटून साखळीत, आणि शिधा पुरणार नाही म्हणून जिवंत माणसं दगडांना बांधून समुद्रात. अटलांटिकपार नेण्यासाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत चढवली गेली आणि त्यांतली १८ लाखांच्या आसपास वाटेतच मेली. हे आकडे पुस्तकात वाचताना डोळा पुढे सरकतो. ते दृश्य पाहताना सरकत नाही. अनेकांना हे पहिल्यांदा या चित्रपटाने दाखवलं, त्यातले मेंडे लोक मेंडेच बोलतात, हॉलिवूडची मोडकी इंग्रजी नव्हे. हे श्रेय नाकारणं कृतघ्नपणाचं होईल.

पण अशाच एका प्रत्यक्ष घटनेत पुढे काय झालं ते पाहा. १७८१ मध्ये ‘झाँग’ या ब्रिटिश जहाजावरून १३० हून अधिक माणसं समुद्रात फेकली गेली. पाणी कमी पडलं, असं कारण दिलं गेलं. मालकांनी घरी परतल्यावर काय केलं? विम्याचा दावा लावला, माणशी ३० पौंड. ज्यूरीने तो मंजूर केला. विमा कंपनीने तक्रार केल्यावर प्रकरण १७८३ मध्ये न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढे आलं, आणि कायद्याच्या दृष्टीने हे घोडे फेकल्यासारखंच आहे, असं त्यांनी नोंदवलं. फेरसुनावणीला परवानगी मिळाली, पण खुनाचा खटला कुणावरही चालला नाही. माणूस बुडतानाचं दृश्य दाखवणं अवघड आहे आणि स्पीलबर्गने ते दाखवलं. त्या बुडालेल्या माणसाच्या नावाने भरलेला दाव्याचा अर्ज दाखवणं जास्त गरजेचं आहे. कारण क्रौर्य पाहून आपण म्हणतो, असे राक्षस आता नाहीत. अर्ज पाहून तसं म्हणता येत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: चित्रपट म्हणजे कायद्याचं पुस्तक नव्हे, प्रेक्षकाला कलमं कोण ऐकवणार? हे एखाद्या युद्धपटाबद्दल मी ऐकून घेतलं असतं. हा चित्रपट स्वतःहून न्यायालयात शिरला आहे. बराच वेळ तो तिथेच असतो, आणि तिथलं खरं नाट्य त्याने सोडून दिलं आहे. राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्यूरन यांनी न्यायाधीश बदलून आपला माणूस बसवला असं तो दाखवतो. ते घडलेलं नाही. घडलं ते याहून नाट्यमय होतं. न्यायाधीश अँड्र्यू जडसन हे काही काळ्यांचे कैवारी नव्हते. कनेक्टिकटमध्येच प्रुडेन्स क्रँडल या बाईंनी कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा काढली तेव्हा ती बंद पाडायला पुढे सरसावलेले हेच गृहस्थ. निकाल आपल्यासारखा लागणार याची सरकारला इतकी खात्री होती की कैद्यांना लगोलग क्युबाला नेण्यासाठी ‘ग्रँपस’ हे जहाज बंदरात आणून उभं केलं होतं. आणि या माणसाने निकाल विरुद्ध दिला, कारण परवाने उघडउघड खोटे होते. पूर्वग्रहांनी भरलेला न्यायाधीश कागदाच्या जोरावर माणसांना सोडतो आणि कागद पाहूनच अंतोनियोला परत धाडायला सांगतो, यापेक्षा जास्त नाट्य कुठल्या पटकथाकाराला हवं?

स्टोरींचंही तेच. चित्रपटात त्यांची भूमिका अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांनी केली आहे, म्हणजे संस्थेने स्वतःच येऊन स्वतःची पाठ थोपटावी तसा प्रकार. याच स्टोरींनी पुढच्याच वर्षी, १८४२ मध्ये, प्रिग खटल्यात निकाल दिला की पळालेल्या गुलामाला पकडून नेण्याचा मालकाचा हक्क राज्यघटनेनेच दिलेला आहे आणि कोणतंही राज्य त्याच्या आड येऊ शकत नाही. ‘ॲमिस्टॅड’च्या वेळी सरन्यायाधीशपदी रॉजर टॅनी होते, बहुमताच्या बाजूने. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात, काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, हे लिहिणारेही टॅनीच. ही माणसं मधल्या काळात बदलली का? मला तसं दिसत नाही. तिन्ही वेळा त्यांनी एकच गोष्ट तपासली, मालकी हक्क पक्का आहे का.

राहिला गोऱ्या तारणहारांचा मुद्दा. इथे आपल्या घरचीच एक अडचण आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल. मग टॅपन आणि ॲडम्स यांचं कौतुक केल्याबद्दल चित्रपटाला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा? कौतुकाबद्दल मी देतही नाही. टॅपनने पैसा आणि प्रतिष्ठा पणाला लावली होती. चित्रपटात तो हुतात्म्यांच्या शोधात असलेला थंड माणूस दिसतो, हा उलट त्याच्यावर अन्याय आहे. पण फुले त्या अर्पणपत्रिकेत थांबले नाहीत. माझ्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा अशी इच्छा त्यांनी तिथेच लिहिली, आणि पुढे आयुष्यभर बोट ठेवलं ते अडाणी शेतकऱ्याला कुळकर्ण्याची लेखणी कशी नागवते यावर. जुलूम कागदातून चालतो हे पुण्यात बसून त्यांना दिसत होतं. दिसायला फार लांब जावंही लागलं नसतं. पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, किमतींसकट. आपल्या पेशवाईवरच्या चित्रपटांत वाडे दिसतात, नथी दिसतात, कुणबीण दिसलीच तर मागे तबक घेऊन उभी असते.

माझा आक्षेप वेगळा आहे. तारणहारांना जागा देताना त्या माणसांचं डोकं गेलं. सेंगबे न्यायालयात उभा राहून तुटक्या इंग्रजीत स्वातंत्र्य मागतो हे दृश्य गाजलं. प्रत्यक्षात तुरुंगात ही माणसं वाचायला-लिहायला शिकत होती, आणि जानेवारी १८४१ मध्ये सुमारे अकरा वर्षांच्या काले या मुलाने ॲडम्सना पत्र लिहिलं. त्यात तो विचारतो की मेंडे लोकांना अमेरिकी भाषा येत नाही म्हणून त्यांना वेडं म्हणतात. अमेरिकी लोकांना मेंडे येत नाही, मग ते वेडे का? हे पत्र याचकाचं नाही, वाद घालणाऱ्याचं आहे. ॲडम्सच्या तोंडी काल्पनिक भाषण घालणाऱ्यांना हे पत्र आयतं मिळत होतं.

निकालानंतरचा काळ तर चित्रपट सरळ उडी मारून ओलांडतो. निकाल, आणि मग घराकडे जाणारं जहाज. मधे आठ महिने गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मोकळं केलं, पण सरकारने त्यांना परत पोचवावं हा खालच्या न्यायालयाचा आदेश रद्द केला. स्वतंत्र आहात, आता तुमचं तुम्ही बघा. ती फार्मिंग्टन या गावात राहिली. परतीचं भाडं जमवण्यासाठी गावोगावी सभांत तिकीट घेऊन आलेल्या लोकांपुढे बायबल वाचून दाखवत होती, गाणी म्हणत होती. फूने नावाचा तरुण ऑगस्टमध्ये बुडून मरण पावला. घराच्या ओढीने त्याने जीव दिला असं त्याच्या सोबत्यांना वाटलं. नोव्हेंबरच्या अखेरीस ३५ जण ‘जंटलमन’ जहाजाने निघाले. चित्रपटाच्या शेवटी ब्रिटिश तोफा लोम्बोको उद्ध्वस्त करतात आणि न्याय झाल्यासारखं वाटतं. त्याच ब्रिटनने १८३३ च्या कायद्याने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी संपवताना दोन कोटी पौंड भरपाई दिली ती मालकांना. गुलामांना दमडी नाही. मॉरिशसच्या उसाच्या मळेवाल्यांनाही तो वाटा मिळाला, आणि त्या मळ्यांवर पुढे कोकणातली मराठी माणसं करारावर अंगठा उठवून राबायला गेली.

स्पेनही ‘ॲमिस्टॅड’ची भरपाई मागत राहिला, पार १८६० पर्यंत, आणि ती देऊन टाकावी अशी शिफारस करणारे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष निघाले. ती मिळाली नाही. पण सेंगबे आणि सोबती घरी निघाले त्याच नोव्हेंबर १८४१ मध्ये ‘क्रिओल’ हे अमेरिकी जहाज व्हर्जिनियाहून १३५ गुलाम घेऊन न्यू ऑर्लीन्सला चाललं होतं. मॅडिसन वॉशिंग्टन नावाच्या गुलामाच्या नेतृत्वाखाली त्यांनी बंड केलं आणि जहाज बहामाला नेलं. तिथे ब्रिटिश कायदा होता, बहुतेक सगळे मुक्त झाले. बंड तसंच, धाडस तसंच, फक्त या वेळी कागद खरे होते. आता अमेरिकी सरकार स्पेनच्या जागी उभं राहिलं. पळालेल्या मालाची किंमत द्या म्हणून त्याने ब्रिटनकडे वर्षानुवर्षं लकडा लावला आणि १८५५ मध्ये लवादाने मालकांना सुमारे १,१०,००० डॉलर मंजूर केले. ‘ॲमिस्टॅड’वर वाद घालायचाच असेल तर तो या दोन जहाजांना शेजारी ठेवून घालावा. जोडसन खरा की खोटा, हे त्यानंतर पाहू.